पाळीच्या तारखेपासून मोजा : ग्वाल्हेरच्या डॉक्टर-संशोधक मंडळींना खुलं पत्र

प्रति,
ग्वाल्हेरमधले स्त्रीरोगतज्ज्ञ, सामुदायिक आरोग्य विषयाचे अध्यापक, एमडी-एमएसचे विद्यार्थी आणि शहराच्या हवेची मोजदाद ठेवणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि वैद्यकीय प्रबंधांचं संख्याशास्त्रीय काम करते. आपल्यापैकी पुष्कळांशी माझी ओळख आहे, काही जण गणपतीत आरतीला हमखास भेटतात. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या मास्टर चार्टांत, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यांत, एक विषय वरचेवर दिसू लागला आहे: हवेतलं प्रदूषण आणि गरोदरपण. हा विषय घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेची यादी आली तेव्हा पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांत, ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, आणि संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली तर अवघी ५. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही आपलं शहर आलं. हा प्रश्न इथे नाही विचारायचा तर कुठे विचारायचा?

अडचण अशी की चार्ट माझ्या हाती पडतो तोवर बाळंतपणं होऊन गेलेली असतात, रजिस्टर मिटलेलं असतं, आणि विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, फक्त पी-व्हॅल्यू काढून द्या." निव्वळ योगायोग असता तर एवढा फरक कितपत दिसला असता हे सांगणारा तो आकडा मिनिटात निघतो. पण बाईची शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, गरोदरपणाचे महिने तिने कुठल्या घरात काढले, आणि त्याच काळात ज्यांचं गरोदरपण टिकलं नाही अशा बायका किती होत्या, हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल तर जगातली कुठलीही पद्धत ते मागाहून उभं करू शकत नाही. म्हणून माझी विनंती विश्लेषणाच्या बरीच आधीची आहे. अभ्यास बाळाच्या जन्मतारखेपासून आखू नका, आईच्या पाळीच्या तारखेपासून आखा. आणि तसा आखायचा तर नोंदी आजपासून वेगळ्या ठेवाव्या लागतील.

याची गरज काय, ते हिशेबानेच दाखवते. प्रबंधाचा नेहमीचा आराखडा असतो: '१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात लेबर रूममध्ये झालेली सर्व बाळंतपणं.' वाचताना यात खोट दिसत नाही. आता आदल्या वर्षी २० मार्चला शेवटची पाळी आलेल्या बायका घ्या. त्यांचे चाळीस आठवडे २५ डिसेंबरला भरतात. बहुतेकींची बाळं जानेवारी उजाडायच्या आतच जन्मलेली, म्हणजे अभ्यासाबाहेर. आत येतात त्या फक्त ४१ आठवडे पुरे होऊनही बाळंत न झालेल्या. आता दुसरं टोक बघा. अभ्यासाच्या वर्षातच १५ मेला पाळी आलेल्या बायकांचा ३१ डिसेंबरला ३३ वा आठवडा चालू असतो. त्यांच्यातल्या अभ्यासात येतात त्या फक्त तोवर प्रसूत झालेल्या, म्हणजे झाडून सगळ्या अकाली. मग टेबल मांडलं की दिसतं काय? मार्चवाल्यांची बाळं पूर्ण दिवसांची, मेवाल्यांची अपुऱ्या दिवसांची. त्यात ग्वाल्हेरचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला, लू आणि धूळ. 'पहिल्या तिमाहीतल्या उष्णतेने अकाली प्रसूती वाढते' असा निष्कर्ष आयताच तयार होतो, पी-व्हॅल्यूही झकास येते. प्रत्यक्षात तो परिणाम उष्णतेचा नसून कॅलेंडरच्या कात्रीचा असतो.

हा दोष ब्रिस्बेनच्या स्ट्रँड, बार्नेट आणि टाँग या संशोधकांनी २०११ साली नीट उलगडून दाखवला. उपाय अगदी सोपा आहे, म्हणून तर तो न केल्याचं जास्त वाईट वाटतं. ज्या पाळीच्या तारखांमधून २२ आठवड्यांचं बाळही सापडेल आणि ४४ आठवड्यांचंही, तेवढ्याच तारखा अभ्यासात घ्यायच्या. वर्षभराच्या जन्मांवर ही गाळणी लावली तर आदल्या ३१ जुलैपासून चालू वर्षाच्या २६ फेब्रुवारीपर्यंतच्या पाळ्या उरतात. म्हणजे जेमतेम सात महिने, आणि त्यात उन्हाळ्यात दिवस राहिलेली एकही बाई नाही. गर्भधारणेचे बाराही महिने हवे असतील तर जन्मांची नोंद साधारण सतरा महिने चालली पाहिजे. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहितानाच हे धरून चाललं तर पीजीच्या तीन वर्षांत ते सहज बसतं. गाइड मंडळींनी एवढं एक वाक्य सिनॉप्सिसमध्ये घालायला लावलं तरी माझ्या मते अर्धी लढाई जिंकली.

आता सरासरीकडे येते, कारण सगळ्यात जास्त चार्ट तिथेच घसरतात. विद्यार्थी गरोदरपणाच्या पहिल्या दिवसापासून प्रसूतीपर्यंतच्या पीएम २.५ ची सरासरी काढतो आणि अकाली बाळंत झालेल्या व पूर्ण दिवस गेलेल्या बायकांची तुलना करतो. समजा दोघींची शेवटची पाळी १ एप्रिललाच आली. पहिली ३२ आठवड्यांत, म्हणजे ११ नोव्हेंबरला बाळंत झाली. दुसरी ६ जानेवारीला. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे आपल्याकडे हवा कशी होते हे सांगायला नको: धुकं खाली बसतं, वारा पडतो, शेकोट्या पेटतात. ती सगळी हवा दुसरीच्या सरासरीत गेली, पहिलीच्या गेली नाही. म्हणजे जिची प्रसूती अकाली झाली तिची सरासरी कमी आणि जिचे दिवस भरले तिची जास्त. अशा शंभर जोड्या गोळा केल्या तर प्रदूषित हवा गर्भाला लाभदायक आहे असं निघेल. पाळी ऑक्टोबरमधली घेतली तर याच्या बरोबर उलटं निघेल. दोन्ही उत्तरं खोटी.

इथे तुलना आठवड्याला आठवडा अशीच करावी लागते. एक बाई ३२ व्या आठवड्यात बाळंत झाली तर तिच्यासमोर उभ्या करायच्या त्या ३२ व्या आठवड्यात अजून पोटुशी असलेल्या सगळ्या जणी, आणि दोन्हीकडे हवा मोजायची ती तेवढ्याच आठवड्यांची. कॅन्सरच्या रुग्णांच्या जगण्याचा अभ्यास करताना आपण हेच तंत्र रोज वापरतो, कॉक्सचं प्रारूप म्हणून. प्रसूतीलाही तेच लागू आहे, फक्त घड्याळ गर्भाच्या वयाचं लावायचं आणि प्रदूषणाचा आकडा दर आठवड्याला बदलता ठेवायचा. पण ते घड्याळ सुरू कधी करायचं, हे पाळीच्या तारखेशिवाय किंवा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीशिवाय कळणार नाही. 'फुल टर्म' किंवा '८ महिने' असा शेरा मारलेलं रजिस्टर इथे कुचकामी आहे.

तिमाहीनुसार वेगवेगळी गणितं करण्याची पद्धतही आता सोडायला हवी. आपल्या हवेत ऋतूंचा खेळ इतका ठळक आहे की जिची पहिली तिमाही डिसेंबर-जानेवारीत गेली तिची तिसरी तिमाही उन्हाळ्यात जाणारच. पहिलीचा परिणाम एकटाच मोजला तर त्यात तिसरीचा उलटा होऊन मिसळतो. अँडर विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की अशा सुट्या तिमाही-प्रारूपांतून परिणामाचा काळच चुकीचा निघू शकतो. जिथे काही घडलं नाही ती तिमाही दोषी ठरते. त्यापेक्षा सगळे आठवडे एकदम प्रारूपात घ्यावेत आणि शेजारच्या आठवड्यांचे परिणाम एकमेकांपासून एकदम तुटून वेगळे होणार नाहीत एवढी अट घालावी. याला विभाजित विलंब प्रारूप म्हणतात. गॅस्पारिनी यांनी त्यासाठी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकी भाषेत 'डीएलएनएम' नावाचं पॅकेज करून ठेवलं आहे, तेही फुकट. तापमान त्याच प्रारूपात शेजारी बसवावंच लागतं, नाहीतर थंडीचा दोष धुराच्या माथी जातो. गर्भाच्या बाबतीत नाळ घडण्याचा काळ वेगळा आणि वजन भरण्याचा काळ वेगळा, हे आपण डॉक्टरमंडळी माझ्यापेक्षा चांगलं जाणता. गणिताने त्या ज्ञानाला जागा ठेवली पाहिजे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचं आहे त्याकडे वळते. लेबर रूमच्या रजिस्टरात फक्त शेवटपर्यंत पोचलेली गरोदरपणं असतात. जी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात संपली ती गायनॅकच्या ओपीडीत कुठेतरी विखुरलेली असतात, किंवा कुठेच नसतात. विषारी हवेने सगळ्यात नाजूक गर्भ आधीच पडत असतील, तर नऊ महिने टिकलेले गर्भ हे मुळातच काटक. मग जास्त प्रदूषणातली जिवंत बाळं चांगल्या वजनाची दिसू शकतात, आणि आपण निश्चिंत होऊन बसतो. इंग्रजी शोधनिबंधांत याला 'लाइव्ह-बर्थ बायस' म्हणतात, म्हणजे फक्त जिवंत जन्म मोजल्यामुळे उत्तरात येणारा कल. आपल्या राज्याला तर हे कुणी शिकवायला नको. भोपाळच्या वायुगळतीनंतर दया वर्मा यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ बायका होत्या. त्यांच्यापैकी ४३ टक्के गरोदरपणांतून जिवंत मूल जन्मलं नाही. जी ४८६ जन्मली त्यांतली १४ टक्के महिन्याच्या आत गेली. त्याच बायकांच्या आधीच्या दोन वर्षांतल्या बाळंतपणांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. त्या वेळी नुसतं जन्मलेल्या बाळांचं वजन मोजलं असतं, तर गेलेल्या गर्भांची साधी खूणही हाती लागली नसती.

वर्मांनी त्याच बायकांची आधीची बाळंतपणं तुलनेला घेतली, हेही लक्षात घ्या. जात, शिक्षण, उंची, घरची स्थिती, घरातल्या आजीचा सल्ला, सगळं जवळपास तेच राहतं. २०२१ साली भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांवर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानेही हाच मार्ग धरला: एकाच आईचं टिकलेलं गरोदरपण आणि न टिकलेलं गरोदरपण समोरासमोर ठेवलं. त्यांच्या अंदाजाने या प्रदेशातल्या गर्भहानीपैकी सुमारे ७ टक्के हानी ४० च्या वरच्या पीएम २.५ शी जोडता येते. आईचं वय दर खेपेला वाढलेलं असतं, तेवढा हिशेब मात्र वेगळा धरावा लागतो.

न टिकलेली गरोदरपणं मोजणं आपल्याकडे शक्य नाही, असं मला नेहमी ऐकवलं जातं. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या मंडळींनी नव्वदच्या दशकात ते करून दाखवलं आहे. त्यांच्या कार्यकर्त्या लग्न झालेल्या बायकांकडे दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख लिहून घेत, आणि पाळी चुकली की सोनोग्राफी होई. आपल्याकडे तर आशाताई आहेत, त्यांच्याकडे योग्य दांपत्यांचं, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांचं, रजिस्टर आहे, जच्चा-बच्चा कार्डावर शेवटच्या पाळीचा रकाना छापलेलाच आहे. तो रकाना भरायचा पाळी चुकल्यावर लगेच, सातव्या महिन्यात आठवून नव्हे. 'होळीच्या जरा आधी' या उत्तराला १५ तारीख लिहून मोकळं होणं थांबलं पाहिजे; ज्या तारखा आठवणीने लिहिल्या आहेत त्यांच्यापुढे तशी खूण करावी, म्हणजे विश्लेषणात त्यांचा भार कमी धरता येतो. गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २०१५ पासून चाललेल्या गर्भिणी प्रकल्पाने सुरुवातीच्या सोनोग्राफीवरूनच गर्भाचं वय ठरवलं, म्हणून त्यांचे अकाली प्रसूतीचे आकडे विश्वासाने वापरता येतात.

एक गोष्ट मात्र जपून करायची आहे. ग्वाल्हेर-चंबळमध्ये 'पोट पडलं का?' हा प्रश्न साधा नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्या जिल्ह्यात ८४० मुली होत्या, शेजारच्या मुरैन्यात ८२९. ज्या घरात मुलीचा गर्भ पाडला गेला तिथे खरं उत्तर मिळणार नाही, आणि त्या बाईला अडचणीत आणण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. नोंद बाईने बाईशी एकांतात बोलून घ्यावी, नाव वेगळ्या वहीत राहावं, विश्लेषणाच्या चार्टात फक्त क्रमांक यावा. याला संख्याशास्त्राची बाजूही आहे. मुलग्यांचं जन्मवजन मुलींपेक्षा सरासरी शंभरेक ग्रॅमने जास्त असतं. ज्या वस्तीत मुली कमी जन्मतात तिथली सरासरी उगीचच वर जाते. म्हणून बाळाचं लिंग धरूनच वजन तपासावं. त्यासाठी इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे तक्ते आहेत. जगातल्या ज्या आठ ठिकाणच्या बाळांवरून ते बनले त्यांत आपलं नागपूर आहे.

आता माहेराबद्दल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. इथल्या दौलतगंजातली सून डोहाळजेवण आटोपलं की पुण्याला जाते. सात महिने इथली हवा घेऊन वाढलेलं तिचं बाळ ग्वाल्हेरच्या कुठल्याच रजिस्टरात येत नाही. लग्न होऊन दिल्लीला गेलेली लेक आठव्या महिन्यात इथल्या नया बाजारात आईकडे येते. केसपेपरवर पत्ता नया बाजारचा, आणि हवा घेतलेली दिल्लीची. चार्टात दोघींचाही हिशेब चुकतो. चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली गेली असती तर परिणाम थोडा फिका पडला असता, इतकंच. पण माहेरी जाणाऱ्या बहुतेक पहिलटकरणी असतात आणि पहिली बाळं मुळात थोडी हलकी असतात. त्यामुळे ही चूक एकाच बाजूला झुकते. केसपेपरवर एका पत्त्याऐवजी 'कोणत्या महिन्यापासून कुठे राहत होता' एवढं विचारलं तरी काम भागतं. बाई ते अचूक सांगते, तारखा विसरेल पण माहेरी कधी आली हे विसरत नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत याला आणखी एक पदर आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीहून रेफर होऊन आलेल्या बायका म्हणजे झटके आलेल्या, रक्तस्राव झालेल्या, बाळ आडवं असलेल्या. त्यांच्या गावची हवा कदाचित शहरातल्या महाराजबाड्यापेक्षा बरी, पण बाळं मात्र नाजूक. शहरातल्या साध्या बाळंतपणांशेजारी त्यांना ठेवलं की प्रदूषण पुन्हा निर्दोष सुटतं. रेफर केसेस वेगळ्या लिहा, वेगळ्या तपासा.

हवेचे आकडे कुठून घ्यायचे, हे बहुतेकांना ठाऊक आहे: सिटी सेंटर, फूलबाग, दीनदयाळनगर आणि महाराजबाडा इथली केंद्रं. हजीऱ्याच्या किंवा मुरारच्या बाईला जवळच्या केंद्राचा आकडा चिकटवणं चालतं, पण ते ढोबळच. उपग्रहावरून काढलेले चौरस किलोमीटरचे अंदाज त्याच्या जोडीला घ्यावेत. आणि स्वयंपाकघर विसरू नका. गोवऱ्यांवर किंवा लाकडावर किती दिवस शिजलं, घरात बिडी कोण ओढतं, थंडीत खोलीत सिगडी ठेवतात का, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागत नाहीत.

वजनाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. २.५, २.५, ३.०, २.५, २.८, २.५: एका पानावर असं दिसलं की ते वजन नजरेने लिहिलंय हे कळतं. आणि कमी वजनाची रेघ नेमकी २५०० ग्रॅमच्या खाली आहे. २४३० ग्रॅमचं बाळ २.५ लिहिलं गेलं की ते कमी वजनाच्या यादीतून नाहीसं होतं. डिजिटल काटा, कपड्याविना बाळ, आकडा ग्रॅममध्ये. लेबर रूममधल्या सिस्टरला हे का हवं आहे ते समजावून सांगितलं तर ती करते, नुसता आदेश काढला तर पुन्हा २.५ च लिहिलं जातं.

विश्लेषणाच्या टप्प्यावर एकच हट्ट धरते. सगळ्या गोष्टींसाठी 'ॲडजस्ट' करू नका, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा प्रभाव गणितातून वजा करत बसू नका. गरोदरपणाचे आठवडे, वाढलेलं बीपी, वजन न भरणं, या गोष्टी प्रदूषणामुळेच घडत असतील तर त्या वजा करणं म्हणजे जे शोधायला निघालो तेच पुसून टाकणं. येरुशाल्मी यांना १९७१ साली दिसलं होतं की कमी वजनाच्या बाळांत धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं इतरांपेक्षा जास्त जगतात. त्यावरून धूम्रपान निरुपद्रवी आहे की काय अशी शंकाही घेतली गेली. हर्नांदेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तो गुंता सोडवला: धूम्रपान न करणाऱ्या आईचं बाळ जेव्हा कमी वजनाचं असतं तेव्हा त्यामागे बहुधा त्याहून वाईट काहीतरी कारण असतं, जन्मजात व्यंग किंवा संसर्ग. फक्त हलक्या बाळांकडे पाहिलं की तुलनाच वाकडी होते. म्हणून संगणक उघडण्याआधी कागदावर बाण काढा. कशामुळे काय, हे बाणांनी ठरवा, पी-व्हॅल्यूने नव्हे.

आणि संख्या. तामिळनाडूतल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढलं तर जन्मवजन सुमारे ४ ग्रॅमने घटलेलं आढळलं. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिम्पिकच्या काळात हवा स्वच्छ केली गेली, तेव्हा आठवा महिना त्या काळात गेलेली बाळं २३ ग्रॅमने जास्त भरली. परिणाम हे असे आहेत, वीस-पंचवीस ग्रॅमचे, आणि जन्मवजनाचं प्रमाण विचलन, म्हणजे बाळाबाळांतला नेहमीचा फरक, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. शंभर विरुद्ध शंभर आयांची तुलना केली तर जेमतेम १८० ग्रॅमचा फरक भरवशाने पकडता येतो. २० ग्रॅमचा फरक पकडायला प्रत्येक बाजूला जवळजवळ आठ हजार बाळं लागतील. तेव्हा दोनशे केसेसच्या प्रबंधात 'परिणाम आढळला नाही' लिहिणं चूक, आणि त्यात मोठा परिणाम आढळला तर तो बहुधा योगायोगाने फुगलेला. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात ३२०० गरोदर बायकांवर झालेल्या गॅसशेगडीच्या चाचणीतही, धूर निम्म्याहून कमी होऊनसुद्धा, वजनातला सुमारे २० ग्रॅमचा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला पुरा उतरला नाही. ते २०२२ साली जसंच्या तसं प्रसिद्ध केलं गेलं, याबद्दल मला त्या संशोधकांविषयी फार आदर वाटतो. ती चाचणी मोठी होती आणि नोंदी चोख होत्या, म्हणूनच तिच्या नकाराला किंमत आहे.

एकट्या विद्यार्थ्याला आठ हजार बाळं कधीच मिळणार नाहीत. पण दरवर्षी येणारे विद्यार्थी, दोन-चार रुग्णालयं आणि काही खासगी नर्सिंग होम एकच नमुना वापरतील तर पाचेक वर्षांत तेवढी बाळं जमतात. आज प्रत्येकाचा मास्टर चार्ट निराळा, रकान्यांची नावं निराळी, डिग्री मिळाली की फाइल पेनड्राइव्हमध्ये विसावते. माझी खरी मागणी ही आहे की ती फाइल सामायिक व्हावी. पाळीची तारीख आणि ती कशावरून लिहिली, पहिल्या सोनोग्राफीची तारीख व आठवडे, महिनावार मुक्काम, गरोदरपण कसं संपलं आणि कधी, बाळाचं लिंग आणि ग्रॅममध्ये वजन, रेफर होती की नाही, चूल की गॅस. एवढं एका पानात बसतं. शहरातल्या स्वर्णरेखा नदीवरच्या उन्नत रस्त्याचं काम चालू आहे. अशा बांधकामाच्या आधी, दरम्यान आणि नंतर जवळच्या व लांबच्या वस्त्यांतली बाळंतपणं तोलून पाहण्याची संधी पुन्हा पुन्हा येत नाही, आणि मागच्या नोंदी नसतील तर ती हुकलीच म्हणायची.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. त्या दिवशी बायका डॉक्टरांसमोर बसलेल्याच असतात. सुरुवात तिथून करता येईल. नमुना मी मराठीत आणि हिंदीत तयार केला आहे, तो कुणालाही विनामूल्य देईन. पीजीच्या नव्या तुकडीचे सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी विभागप्रमुखांनी एकदा बसायला वेळ द्यावा, आशाताईंच्या एक-दोन प्रतिनिधींनाही बोलवावं, कारण ते पान शेवटी भरणार त्याच. कोणता रकाना त्यांना जमणार नाही हे त्यांनी सांगितलं की तो बदलू.

आपली,
लष्करातील एक संख्याशास्त्रज्ञ
ग्वाल्हेर